निर्दोष सुटलात? आधी नक्कल काढा

धाकट्या भावावर डिसेंबर २०२२ मध्ये मारामारीचा गुन्हा दाखल झाला. कारण काय, तर पार्किंग. गेल्या वर्षी ठाण्याच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, आम्ही पेढे वाटले. मग नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी निघाली आणि हवालदारसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, इथे अजून न्यायप्रविष्टच दिसतंय."

निकाल आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात चालत जात नाही, तो न्यावा लागतो. कोर्ट नाक्याला जा, नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. आर.सी.सी. नंबर, म्हणजे फौजदारी खटल्याचा नंबर, हरवला असेल तर ई-कोर्ट्सवर नावाने शोधा. प्रती तीन काढा. आमची तिसरी कपाटाबाहेर निघत नाही, कुणी मागितली तरी.

मग पोलीस ठाण्याच्या सीनियर पीआयच्या, म्हणजे वरिष्ठ पोलीस निरीक्षकाच्या, नावे अर्ज : गुन्हा नंबर, कलम, निकालाची तारीख, आणि सीसीटीएनएसमधली, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीतली, नोंद अद्ययावत करण्याची विनंती. पहिल्या खेपेला "ठेवा, बघतो" ऐकून मी घरी आले, दीड महिना फुकट. दुसऱ्या खेपेला माझ्या प्रतीवर आवक शिक्का पडेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. ओली शाई ओढणीला लागली, अजून गेलेली नाही.

एवढ्याने नोंद पुसली जात नाही, फक्त खरी होते. बोटांचे ठसे आणि फोटो ही वेगळी भानगड. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ही मापं एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, ७५ वर्षं राहू शकतात. पण आधीची शिक्षा नसेल, अपिलाचे मार्ग संपले असतील आणि कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल, तर निर्दोष सुटलेल्याची मापं नष्ट करायची असतात. तशी मागणी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. दुसऱ्या गुन्ह्याशी संबंध नाही हे पाहून तो एनसीआरबीला शिफारस करतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ते वाक्य मी अर्जात घातलंच. त्याने कुणी दचकत नाही, पण फाइलला राहतं.

नोकरीच्या फॉर्मवरचा प्रश्न मात्र दोनदा वाचा. "खटला चालू आहे का?" याला नाही. "कधी अटक झाली होती का?" याला, झाली असेल तर, होय, पुढे निकाल, सोबत नक्कल. भाऊ दोन्हीकडे 'नाही' लिहायला निघाला होता, मी पेन काढून घेतलं. माहिती खरीच द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात बजावलंय. खरं सांगूनही नोकरी मिळेलच असं नाही. लपवलेलं सापडलं तर लागलेलीही जाऊ शकते.

चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळाला. ठशांच्या अर्जाला अजून उत्तर नाही, पोच कपाटात नकलेशेजारी आहे.