एनक्लेक्स परत द्यायचीय? डेट घ्यायच्या आधी हे वाचा

एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा, नापास झालात की पहिले तीनचार दिवस काहीच करू नका. खरंच सांगतेय. नवीन रजिस्ट्रेशन नको, नवीन कोर्सला पैसे नकोत, एजन्सीवाला फोन करून 'लगेच डेट घ्या' म्हणाला तर हो हो म्हणा आणि फोन ठेवा. परत बसायला मधे कमीत कमी ४५ दिवस जावेच लागतात, मग आज घाई कशाला? रडायचं तर रडा, झोपा, ड्युटी असेल तर ड्युटी करा.

घरी सांगायचं कसं हा त्याहून मोठा ताप. आपल्या गोव्यात पेडण्यात कुणाला कळलं की संध्याकाळपर्यंत डिचोलीत पोचतं, आणि चवथीला घरी गेलात तर आरतीच्या आधीच कुणीतरी विचारणार, 'केन्ना वता गो अमेरिकेक?' घरातल्या दोघातिघांना खरं सांगून टाका, बाकीच्यांना 'प्रोसेस चालू आहे' एवढं पुरे, ते खोटं पण नाही. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. आणि जगूच नये असं मनात आलं तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी. टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. पेशंटला आपण हेच सांगतो ना?

आता कामाचं. नापास झाल्यावर सीपीआर म्हणजे कँडिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट येतो. बऱ्याच जणी तो बघतसुद्धा नाहीत, बघून रडायला येतं म्हणून. पण तेच तुमचं फुकटचं ट्यूशन आहे. प्रत्येक भागापुढे पासिंग स्टँडर्डच्या वर, जवळपास की खाली असं लिहिलेलं असतं. जे खाली तिथून सुरुवात करायची, आणि जवळपासवाले भाग सोडू नका, थोड्या मेहनतीत वर जातात ते तेच. प्रश्न किती आले तेही आठवा. पेपर ८५ ते १५० प्रश्नांचा असतो, वेळ पाच तास, आणि पास की नापास याची कॉम्प्युटरला खात्री झाली की तो मधेच बंद होतो. ८५ ला बंद होऊन नापास झालात तर कॉम्प्युटरची तुम्ही पासच्या रेषेच्या खाली आहात अशी ९५ टक्के खात्री झाली होती, म्हणजे पायापासून वाचायला हवं. १५० पर्यंत गेलात तर तुम्ही रेषेच्या आसपासच घुटमळत होतात, तिथे सगळी पुस्तकं परत उघडण्यापेक्षा उत्तर निवडायची सवय बदलायची.

आणि माझं म्हणणं हेच की आपल्याकडच्या मुली ज्ञान कमी म्हणून पडत नाहीत, त्या आपल्या वॉर्डातलं उत्तर देतात म्हणून पडतात. उदाहरण घ्या. रक्त लावलंय, दहा मिनिटांत पेशंटला थंडी वाजून कंबर दुखायला लागली, आधी काय करणार? पर्याय: डॉक्टरांना कळवा, रेट कमी करा, रक्त बंद करा, पॅरासिटामॉल द्या. आपल्या वॉर्डात पहिलं तोंडातून निघतं 'डॉक्टरांना बोलवा', कारण रेसिडेंट तिथेच कुठेतरी असतो आणि विचारल्याशिवाय काही केलं तर ओरडा बसतो. परीक्षेत उत्तर आहे रक्त बंद करा. मग नवीन ट्यूबिंग लावून नॉर्मल सलाईनवर लाईन चालू ठेवा, मग डॉक्टर. तुमच्या हातात काही करण्यासारखं असेल तर ते आधी, फोन नंतर.

दुसरा घोळ डेलिगेशनचा. आपल्याकडे पेशंटला भरवणं, बाथरूमला नेणं हे नातेवाईक करतात, बाकीचं जिला वेळ असेल ती करते. अमेरिकेत कागदावर आरएन (रजिस्टर्ड नर्स), एलपीएन (तिच्या हाताखालची, कमी शिक्षणाची लायसन्सवाली नर्स) आणि यूएपी (लायसन्स नसलेली मदतनीस) यांची कामं पक्की वाटलेली आहेत. असेसमेंट, टीचिंग, इव्हॅल्युएशन आरएननेच करायचं, स्टेबल पेशंटची औषधं एलपीएनला चालतात, स्टेबल पेशंटचे व्हायटल्स आणि आंघोळ यूएपीला. हे मॅनेजमेंट ऑफ केअर या भागात येतं आणि त्याचा वाटा पेपरात १५ ते २१ टक्के आहे, सगळ्यात जास्त, आणि आपण वाचतो सगळ्यात कमी. तसंच 'बाबांना कॅन्सरचं सांगू नका हं सिस्टर' हे आपल्याकडे रोजचं आहे, तिथे शुद्धीवर असलेल्या पेशंटला स्वतःचं निदान कळायचा हक्क आहे, मुलाने कितीही विनवलं तरी. औषधांची नावंही तिथलीच घोका, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल म्हणजे अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन.

अभ्यासाला एक वही करा, चुकलेल्या प्रश्नांची. प्रश्न उतरवून काढत बसू नका, तीनच गोष्टी लिहा: मी काय निवडलं, का निवडलं, बरोबर काय होतं. 'का' मध्ये 'आमच्याकडे असंच करतात' किती वेळा येतं ते महिन्याने मोजा, धक्का बसेल. यूवर्ल्ड घ्या की दुसरी क्वेश्चन बँक, फरक पडत नाही, रॅशनेल म्हणजे उत्तरामागचं कारण वाचता की नुसते टक्के बघता याने पडतो. २०२३ च्या एप्रिलपासून नवीन पॅटर्न आलाय, केस स्टडीत एकाच पेशंटवर सहा प्रश्न, अशा तीन केस सगळ्यांना येतात. सिलेक्ट ऑल दॅट अप्लायला, म्हणजे बरोबर असतील ते सगळे पर्याय निवडायच्या प्रश्नाला, आता अर्धवट बरोबर असलं तरी मार्क मिळतो, पण चुकीचा पर्याय टिक केला तर मिळालेला कापला जातो, शून्याच्या खाली मात्र जात नाही. त्यामुळे खात्री नसलेला पर्याय 'असू दे' म्हणून टिक करायचा नाही.

नाईट करून आल्यावर अभ्यास करू नका, डोक्यात काही राहत नाही, झोपून उठल्यावर तीसचाळीस प्रश्न सोडवा. घरी पाहुणे आणि टीव्ही असेल तर पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सलग बसा, मागे जाऊन उत्तर बदलायचं नाही, परीक्षेत जाता येतच नाही. ४५ दिवस हा नियमातला कमीत कमी आकडा आहे हो, ड्युटी करणारीला दोनतीन महिने धरा.

पैशाचं: आधी स्टेट बोर्डाकडे, म्हणजे ज्या राज्याचं लायसन्स हवं तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे, परत अर्ज, मग परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे नवीन रजिस्ट्रेशन, मग नवीन एटीटी म्हणजे परीक्षेला बसायचं परवानगीपत्र, जुनं एटीटी चालत नाही. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर बसायचे वर १५० आणि टॅक्स, म्हणजे ३० हजारांच्या वर गेले, बोर्डाची फी वेगळीच. बोर्डाचे नियम वेगवेगळे असतात, फ्लोरिडात तीनदा नापास झालं तर आधी रेमेडियल कोर्स करावा लागतो, म्हणून आपल्या बोर्डाचं पान स्वतः वाचा, एजन्सीच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पासपोर्टवरचं नाव आणि रजिस्ट्रेशनचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं, लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी हे दोनदा बघा.

आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक जणी मुंबई नाहीतर बंगळूरचं सेंटर घेतात. रात्रभर बसमधून घाट पार करून थेट सेंटरवर, असं करू नका, आदल्या दिवशी पोचा. पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू धावते, त्या महिन्यांत डेट असेल तर एक दिवस जास्तच ठेवा. आणि परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका, पाच तासांचा पेपर, वर चेक-इनचा वेळ, निम्मं लक्ष घड्याळाकडे राहतं.