कोल्हापूरला येताय? मग हे शब्द आधी शिकून या

माझा साडू नागपूरचा. गेल्या चैत्रात चार दिवस आला होता आणि चार दिवस त्याचं नि आमचं बोलणं दोन वेगवेगळ्या गाड्यांनी चालल्यासारखं चाललेलं, मराठी दोघांचीबी पण शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पाव्हण्यासाठी हे एकदा लिहूनच ठेवायचं.

सुरुवात मिसळीपासनं. साडूनं बसल्या बसल्या ऑर्डर दिली, "तर्री जास्त टाका." पोरगं नुसतं बघत उभं. मिसळीवरच्या त्या तिखट लाल रश्श्याला इथं कट म्हणायचं, "कट द्या जरा" एवढं बोललं की काम होतंय. आणि पाव मागू नका, मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतोय, तोच कटात बुडवून खायचा. पहिल्याच घासाला "झेपत नाही" म्हणू नका, दही मागा, कोण हसत नाही (हसतेत, पण मागं).

आता चटणी. घरी वहिनीनं विचारलं, "चटणी वाढू का?" तर ह्यानं विचारलं, "कशाची, खोबऱ्याची?" आमच्यात नुसतं चटणी म्हटलं की ती लाल कांदा-लसूण चटणीच. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी, मग कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला भाजून सगळं डंकावर न्यायचं आणि कुटून आणायचं. त्या दिवशी अख्खी गल्ली शिंकत असते. वर्षभराची बरणी भरली की मग आमटी असो, उसळ असो, मटण असो, सगळीकडं तीच. बाकीच्या चटण्यांना पूर्ण नाव लागतंय, शेंगदाण्याची, जवसाची असं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र अळणीचा. रविवारी मटण होतं. सासूबाई म्हणाल्या, "आधी अळणी घ्या," आणि साडूचं तोंड पडलं. त्याला वाटलं मीठ नसलेलं पाणी प्यायला देतायत, पथ्यावर ठेवल्यागत. डिक्शनरीत बघाल तर अळणी म्हणजे बिनमिठाचं हे खरंच आहे, पण मटणाच्या अळणीत मीठ असतंय, चटणी नसते. हे एकदा नीट समजून घ्या, कारण आख्खं ताट ह्याच्यावरच उभं आहे. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळायचं, पातेल्यात थोडा कांदा परतून त्यात मटण टाकायचं, वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. ते पाणी तापलं की तेच आत सोडायचं, गार पाणी अजिबात नाही. मटण शिजलं की जो पिवळसर रस सुटतो ती अळणी. पहिली वाटी घरातल्या बारक्या पोरांची, मग पाव्हण्याची. उरलेल्या अळणीचे दोन भाग. एकात नारळाचं दूध आणि काजू-खसखस-तिळाचं वाटण गेलं की पांढरा रस्सा, दुसऱ्यात चटणी आणि भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा रस्सा. मटणाच्या फोडी वेगळ्या परतल्या की ते सुकं. म्हणजे पांढरा नि तांबडा एकाच पातेल्यातनं निघालेले भाऊ, आणि ते प्यायचे असतेत, भातावर घ्यायला नंतर. वाटी उचलून सरळ तोंडाला लावा, चमचा मागू नका.

देवाच्या बाबतीत जरा जपून. रेल्वेला महालक्ष्मी एक्सप्रेस म्हणा, देवीला अंबाबाई. ओटी "देत" नाहीत, भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वेणी घ्या आणि नारळाची शेंडी देवीकडं ठेवा. नारळ "फोडला" म्हणू नका, वाढवला म्हणा. कोहळा मात्र फोडतातच. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जाते, तिथं बारकी कुमारिका कोहळा फोडते आणि त्याच्या तुकड्यासाठी जी झोंबाझोंबी होते ती लांबनंच बघितलेली बरी. किरणोत्सव हा शब्दही कानावर पडेल. नोव्हेंबरात आणि परत जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीचं ऊन महाद्वारातनं सरळ गाभाऱ्यात जातंय, आधी पायावर, मग छातीवर, मग तोंडावर. ढग आले की सगळे हळहळत घरी.

जोतिबाला जायचं ठरलं तर साडूनं फोनवर हॉटेल शोधायला घेतलं, रत्नागिरीत, समुद्राकडंला! त्याचं चुकलं असंही नाही, डोंगरावरच्या गावाचं नावच वाडी रत्नागिरी. कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा संबंध नाही, कोल्हापुरातनं तासाभरात पोचताय. तिथं एकच शब्द पुरतो, चांगभलं. कोण तरी ओरडणार "जोतिबाच्या नावानं" आणि तुम्ही जोरात "चांगभलं" म्हणायचं, पुटपुटायचं नाही. चैत्र पुनवेला गेलात तर उंच कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, सासनकाठ्या दिसतील, चारी बाजूनं दोऱ्या धरून तोलत नाचवतात, तिच्या खाली उभं राहून सेल्फी काढू नका. दवणा वाहायचा, गुलाल-खोबरं उधळायचं. शर्ट जुना घाला. गुलाबी झालेला शर्ट धुतला तरी गुलाबीच राहतो, साडूचा अजून आहे.

निवद म्हणजे नैवेद्य. ह्यात गोडा आणि खारा असे दोन. गोडा म्हणजे पुरणपोळीचा, खारा म्हणजे मटणाचा. "उद्या निवदाला या" असं आमंत्रण आलं तर कुठल्या देवाचा ते आधी विचारून घ्या, नाहीतर एकादशी धरून बसाल आणि समोर रस्सा येईल.

आणि शेवटचा शब्द, वार. "आज आमचा वार आहे" म्हणजे आज मटण-अंडं बंद. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. जेवायला बोलावणारा माणूस "तुमचा वार कुठला?" असं विचारतोय म्हणजे तो मटण आणायच्या तयारीत आहे. साडूला हा प्रश्न विचारला तर त्यानं जन्मवार सांगितला, रविवार. नेमका रविवारीच बेत ठरलेला, त्यामुळं सासूबाईंनी त्याच्या एकट्यासाठी वेगळी वांग्याची भाजी करून ठेवलेली. ती शेवटी मी खाल्ली.