स्टुडिओ आणि सिद्धांत एकाच टेबलावर: मास्टर्सला निघालेल्या कोल्हापूरच्या मुलांसाठी

कोल्हापुरात कलेचा डिप्लोमा केलेल्या मुलांचा हात तयार असतो. आबालाल रेहमान आणि बाबूराव पेंटर या इथल्या चित्रकारांची नावं ऐकत आणि रंकाळ्यावर पहाटे बोर्ड मांडत ती मोठी झालेली असतात. मग मास्टर्सला बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, "ताई, सेमिनार पेपर द्यायचाय. वाचतोय, पण डोक्यावरून जातंय. चित्र काढू की हे वाचत बसू?"

दोन्ही करा. फक्त काय वाचायचं ते तुमच्या चित्रातल्या अडचणीला ठरवू द्या. मी छापचित्रं करते, मास्टर्सचा प्रबंधही त्यातूनच लिहिला. त्यामुळे हे ठामपणे सांगते.

आधी प्रश्न शोधा. "मला स्त्रीवादावर काम करायचंय" हा प्रश्न नाही, ते ग्रंथालयातलं एक कपाट आहे. प्रश्न हाताखाली सापडतो. रंकाळ्याचं लँडस्केप करताना आपण केंदाळ वगळतो, धुणं धुणाऱ्या बाया दोन ठिपक्यांत उरकतो आणि शालिनी पॅलेस मात्र खिडक्यांसकट रंगवतो. असं का करतो? हा झाला प्रश्न. आता ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स वाचा. 'द कंट्री अँड द सिटी' या १९७३ च्या पुस्तकात तो म्हणतो की निसर्गदृश्य ही कल्पनाच दूर उभं राहून बघणाऱ्याची आहे. जिथं माणसं राबतात ती जमीन सहसा 'दृश्य' होत नाही. हे पटलं तर दुसऱ्या दिवशी बोर्ड धुण्याच्या दगडाजवळ मांडावा लागेल, क्षितिज वर सरकेल, पाण्याचा रंग बदलेल. वाचून हात जराही हलला नाही, तर तो मजकूर सध्या बाजूला ठेवा, कितीही मोठ्या माणसाचा असो.

माझ्या कामातलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

महाद्वार रोडच्या दुकानांत अंबाबाईचे फ्रेम केलेले फोटो मिळतात. मूळ रूपातल्या फोटोवरून मी लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढायचं छापचित्र, करायला घेतला. लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. देवीच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंगाचं फळ असतं आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र. मी चित्र मुद्दाम न उलटता कोरलं, रोलरने शाई लावली आणि चमच्याच्या पाठीने घासून प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढलं. म्हाळुंग देवीच्या डाव्या हातात गेलं. एका फ्रेमवाल्या काकांना दाखवलं, तर रेषा, शाई, कागद यांतलं काही बघण्याआधी ते म्हणाले, "बाई, हात चुकलाय. हे कोण घरात लावणार?"

त्याच सुमारास जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनचा यांत्रिक प्रतींच्या काळातल्या कलाकृतीवरचा १९३६ चा निबंध वाचत होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ कलाकृती एकाच जागी, एकाच काळात असते, त्यातून तिचं तेज येतं. यंत्राने प्रती निघू लागल्या की ते तेज ओसरतं आणि पूजेचं मूल्य मागे पडून प्रदर्शनाचं मूल्य पुढे येतं. गाभाऱ्यातल्या, फक्त पुजाऱ्याला दिसणाऱ्या मूर्तींचा उल्लेखही त्याने केलाय. पण आपल्याकडे ऑफसेटवर छापलेल्या फोटोला रोज हळदकुंकू लागतं, रिक्षात त्याच्यापुढे उदबत्ती लागते. प्रत असूनही ती पूजेतून बाहेर पडत नाही. वर काकांच्या लेखी प्रत खरी की खोटी हे आयुधं कुठल्या हातात आहेत यावर ठरतं. बेंजामिन इथं अर्धाच लागू पडतो, आणि उरलेला अर्धा भाग तुम्ही लिहायचा असतो. माझं एक अख्खं प्रकरण त्यातून निघालं.

हातातही फरक पडला. छापचित्राखाली आपण पेन्सिलीने १/१०, २/१० असे आकडे टाकतो. ठसा आणखी प्रती देऊ शकत असताना आपणच दहावर थांबतो, म्हणजे प्रत दुर्मीळ करून तिला मूळ कलाकृतीचा मान मिळवून देतो. त्या मालिकेपुरते आकडे टाकणं मी थांबवलं. मार्गदर्शकांनी कारण विचारलं तेव्हा सांगायला माझ्याकडे दोन पानं होती.

वाचायची पद्धत साधी ठेवा. एक निबंध निवडा, महिनाभर तोच वाचा. प्रत्येक परिच्छेदाचा आशय स्वतःच्या मराठीत, घरच्यांना सांगावा तसा लिहा. जिथं मराठी अडखळते तिथं तुम्हाला कळलेलं नसतं, तिथं परत जा. सौंदर्यशास्त्राची बैठक मराठीतूनच हवी असेल तर रा. भा. पाटणकरांचं 'सौंदर्यमीमांसा' आहे. जड आहे, पण सावकाश वाचलं की जर्मन तत्त्वज्ञ कांटही आवाक्यात येतो. चित्रकाराने स्टुडिओत बसून कसा विचार करावा हे बघायचं तर प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचा. सुट्टीत घरी आलात की करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय, दोन्हीकडे बसा. सुट्टी फक्त कमिशनची पोर्ट्रेटं करण्यात घालवू नका.

वही एकच ठेवा. स्केचबुक वेगळं आणि नोट्सची वही वेगळी केली की दोन आयुष्यं सुरू होतात. डाव्या पानावर काम: कुठली शाई, किती दाब, कागद का फाटला. उजव्या पानावर त्या दिवशीचं वाचन. फसलेली प्रूफंही तारीख घालून त्यातच चिकटवा. प्रबंध लिहायला घ्याल तेव्हा ही वहीच कच्चा खर्डा असेल. लिहिताना आधी कामाचं वर्णन करा आणि सिद्धांत नंतर आणा. पहिल्या पानावर तीन परदेशी विचारवंत आणि पंचविसाव्या पानावर तुमचं पहिलं चित्र असेल, तर वाचणाऱ्याला तुमचं काम म्हणजे पुरवणी वाटेल.

कुठं शिकायचं याबद्दल: बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलानिर्मिती आणि कलेतिहास एकाच फॅकल्टीत शिकवतात, तर शांतिनिकेतनचं कलाभवन १९१९ पासून चालू आहे. कुठंही अर्ज करा, पण आधी तिथल्या मुलांना एकच विचारा: स्टुडिओचे मास्तर तुमचा पेपर वाचतात का, आणि थिअरीचे मास्तर तुमच्या स्टुडिओत येतात का? दोन्हीला नाही उत्तर आलं, तर ती गाठ तुम्हालाच घालावी लागेल. पहिल्याच सत्रात थिअरीच्या मास्तरांना ओल्या प्रूफासमोर बोलावून उभं करा. माझ्या अनुभवात ते आनंदाने येतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.