नवी आर१५ की वापरलेली आरसी ३९०? या चुका टाळा

स्पोर्ट बाईकसाठी दोन लाखांच्या आसपास बजेट असलं की ओढाताण ठरलेली. तेवढ्यात शोरूममधून कोरी यामाहा आर१५ येते, आणि तेवढ्यातच कुणीतरी काही वर्षं चालवलेली केटीएम आरसी ३९० किंवा कावासाकी निन्जा ३००ही मिळते. आर१५च्या १५५ सीसीसमोर आरसी ३९०चे ३७३ सीसी, १८ हॉर्सपॉवरसमोर ४३. आकडे बघून पोरं जुनीकडे धावतात. जुनी घ्यायला माझी अजिबात ना नाही. पण ती एवढी स्वस्त का मिळतेय, याचं पटणारं उत्तर हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

सगळं बजेट गाडीतच घालवणं

नवी बघताना लोक एक्स-शोरूम किंमत धरतात आणि आरटीओचा कर, विमा, हँडलिंग चार्जेस जोडल्यावर घाम पुसतात. जुनीच्या बाबतीत उलटं होतं. मागितलेली किंमत हीच शेवटची, असं समजून खिसा रिकामा करतात. मग आठवड्याभरात कळतं की मागचा टायर संपलाय आणि चेन-स्प्रॉकेटचे दात माशाच्या परासारखे वाकलेत. ३९० वर्गातल्या गाडीला चांगल्या टायरची जोडी आणि चेनचं किट घेतलं की पंधरा हजारांच्या पुढे सहज जातं. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज वेगळेच. जुनी घेणाऱ्याने बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा, असं माझं मत.

जीएसटीच्या आधीचा भाव मोजणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यावरच्या गाड्यांना मात्र सेससकट ३१ टक्के लागायचे, तिथे आता ४० लागतात. म्हणजे आधी दोन लाखांना मिळणारी आर१५सारखी गाडी करातल्या फरकानेच साधारण साडेपंधरा हजारांनी उतरते. तरी जुनी आर१५ किंवा निन्जा ३०० विकणारा ‘मी एवढ्याला घेतली होती’ हेच पालुपद लावतो. त्याने कितीला घेतली हा त्याचा प्रश्न. तुम्ही आजचं शोरूम कोटेशन हातात ठेवून बोला. आरसी ३९०चा मालक उलट ‘नवी महागलीये’ म्हणून भाव चढवतो, आणि कर वाढलाय एवढं तथ्य त्यात आहेच.

इंजिनाचा आवाज ऐकून गाडी पास करणं

स्पोर्ट बाईक बहुतेक वेळा इंजिनाने नाही, आपटून खराब होते. रविवारी सकाळी ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या वाटेवर दिसणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी कधी ना कधी आडव्या झालेल्या असतात. फेअरिंग म्हणजे बाहेरचं कवच बदललं, रंग मारला की वरून काही कळत नाही. म्हणून नजर खाली न्या. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि फ्रेमच्या मानेपाशी हँडल जिथे अडतं तो छोटा स्टॉपर टॉर्च मारून बघा. तो चेपलेला असेल किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर गाडी जोरात आपटलीय. फ्रेमच्या नळ्यांच्या जोडांवर रंगाला तडा, वेगळी छटा किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं तर किंमत विचारायचीसुद्धा गरज नाही. बार एंड (हँडलची टोकं), लिव्हरची टोकं आणि फूटपेगचे कोपरे घासले असतील तर मात्र घाबरू नका. उभ्या उभ्या पडलेल्या गाडीचेही ते घासतात.

मग पुढचा ब्रेक धरून फोर्क, म्हणजे पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चार-पाच वेळा दाबा आणि चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाचा ओशटपणा लागला तर ऑइल सील गेलंय. खर्च फार नाही, पण घासाघीस करायला मुद्दा मिळाला. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवताना मधेच खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) संपलाय.

गाडी बघायला जाताना ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं फोनवरच सांगा, आणि पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर थंड गाडी नीट उठत नाही, हे लपवलं जात असण्याची शक्यता धरा. चालू झाल्यावर रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत जागेवर चालू ठेवा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. कूलंटचा थेंब कुठे गळतोय का तेही बघा.

मीटरवर ९,००० किलोमीटर आणि फूटपेगचं रबर गुळगुळीत, ब्रेक डिस्कला कडेने धार? डिजिटल मीटर मागे नेणारे गल्लोगल्ली आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली सर्व्हिसिंगची नोंद मागा. टायरच्या कडेला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. ‘एकदम नवी’ गाडीला सात वर्षांचा टायर कसा, हे विचारायला संकोच कसला?

कोल्हापूर, सांगली, चिपळूणकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१च्या पुराची आठवण ठेवा. सीट काढून वायरिंगच्या सॉकेटमध्ये वाळलेला गाळ किंवा हिरवट गंज दिसतो का बघा.

‘पेपर क्लिअर आहेत’ यावर विश्वास

आरसी बुक डोळ्यांनी बघितलं म्हणजे पेपर क्लिअर झाले असं नाही. बँकेचा बोजा चढलेला असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेऊन एजंटच्या भरवशावर वर्षभर फिरणारे महाभाग पुष्कळ. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं, कारण नोंद ज्याच्या नावावर तो मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय.

परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते. तिची एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं जोडलं की बचत कुठे जाते कळतही नाही. थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासा. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागलीय का तेही बघा.

विम्यात एक मेख आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे पाच वर्षांच्या आतल्या गाडीचा ‘विमा चालू आहे’ हे खरंच असतं. फक्त स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग कधीचा संपलेला असतो. नो क्लेम बोनसही जुन्या मालकाचाच, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.

कंपनीचा सायलेन्सर न मागणं

फटफट आवाजाचा सायलेन्सर बघून खूश होऊ नका. तोच पोलीस काढून घेतात, मग मूळचा शोधत बसावं लागतं.

नवी घेतलीय म्हणून निर्धास्त राहणं

फेअरिंग म्हणजे प्लास्टिक, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. नव्या स्पोर्ट बाईकला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्याच. गोदामात पडून राहिलेली गाडी गळ्यात मारत नाहीत ना, यासाठी उत्पादनाचा महिना विचारा. आणि शोरूमच्या दारात बसून बघण्यापेक्षा अर्धा तास ट्रॅफिकमधून चालवायला मागा. क्लिप-ऑन, म्हणजे थेट फोर्कला जोडलेल्या खालच्या हँडलवर मनगटं किती दुखतात ते लगेच कळेल. आयुष्यातली पहिलीच बाईक असेल तर माझा कौल जुन्या आर१५ला. ती पडणारच आहे, निदान कोरी तरी नको.

जुनी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलून घ्या, आधीचा मालक काहीही म्हणो. ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर फ्लुइड बदलून हवा काढा. तरीही दबत राहिला तर मास्टर सिलिंडर बघायला सांगा, आणि ते होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.