अंडरमाउंट सिंक: भार कुणी पेलायचा ते आधी ठरवा

ओट्याच्या दगडाला खालून लावलेलं सिंक सुटून कपाटात पडलं म्हणून कुणी बोलावलं, की मी आधी सिलिकॉनची सुटलेली पट्टी हातात घेऊन बघतो. बहुतेक वेळा ती सिंकच्या काठाला छान धरून असते आणि वरच्या अंगाला तिच्यावर पिठासारखी पांढरट भुकटी बसलेली असते. ती दगड कापतानाची धूळ. सिलिकॉन दगडापर्यंत पोचलंच नव्हतं, धुळीवरच चिकटलं होतं.

पण नुसती सफाई नीट केली म्हणून काम पक्कं होत नाही. ७५ सेंमी लांब, ४५ रुंद आणि २२ खोल सिंक काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे ७४ लिटर पाणी मावतं, म्हणजे ७४ किलो. वर सिंकचं स्वतःचं वजन, भांडी, आणि खाली कचरा दळायचं यंत्र असेल तर त्याची रोजची थरथर. सिलिकॉन पाणी अडवायला उत्तम, पण कायम लटकणाऱ्या भाराखाली ते हळूहळू ताणत जातं. म्हणून माझा आग्रह असा, की सिंक क्लिपांनी, म्हणजे दगडाला खालून स्क्रूने बसवून सिंकचा काठ वर दाबून धरणाऱ्या धातूच्या तुकड्यांनी, धरा, खालून फ्रेमचा आधार द्या आणि सिलिकॉनकडे फक्त सांधा सोपवा.

आधी कोरडी जुळणी करा. सिंक खालून टेकवून चारी बाजूंना काठ सारखा दिसतो का बघा आणि दगडाच्या खालच्या अंगाला पेन्सिलने खुणा करा. सिलिकॉन लावल्यावर सिंक सरकवत बसलात तर थर फाटतो. कटआउटचे, म्हणजे सिंकसाठी दगडात कापलेल्या जागेचे, कोपरे गोलसर आहेत ना, तेही याच वेळी तपासा. काटकोनी कोपऱ्यातून दगडाला चीर जाते. सिंकच्या पुढची दगडाची अरुंद पट्टी तर सगळ्यात नाजूक, तिच्यावर हात टेकून जोर देऊ नका.

आता अँकर, म्हणजे क्लिपांचे स्क्रू धरायला दगडातल्या भोकात बसवायच्या नळ्या. १८-२० मिमी ग्रॅनाइटला खालून १० मिमीपेक्षा खोल भोक नको. बिटला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंदाजावर काम राहत नाही. ड्रिलचा हॅमर बंद, डायमंड बिट, आणि ओल्या स्पंजाने सतत पाणी. वर तोंड करून ओल्यात भोक पाडायचं असल्यामुळे ड्रिल बॅटरीचाच वापरा. मास्क धुळीसाठी बनवलेला घ्या, तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची घर करते. यात मी कुणालाच सूट देत नाही.

भोकं सिंकच्या काठाच्या लगेच बाहेर, साधारण २०-२५ सेंमीवर एक आणि प्रत्येक कोपऱ्याजवळ एक अशी घ्या. ग्रॅनाइटला पितळी फुगणारे अँकर चालतात. संगमरवर किंवा शिरा असलेल्या दगडात अँकर फुगला की दगड उकलू शकतो, तिथे तो इपॉक्सीत बसवा. काही लाद्यांना खालून जाळी चिकटवलेली असते. सांध्याच्या जागेवरची जाळी घासून काढा, नाहीतर तुम्ही चिकटवाल जाळीला आणि जाळीच सुटेल.

सॉलिड सरफेसचं, म्हणजे राळ आणि खनिज भुकटीपासून बनवलेल्या कृत्रिम ओट्याचं, तंत्र वेगळं. तो बऱ्याचदा १२ मिमीच जाड असतो आणि त्यात थेट स्क्रू पिळला तर तडकतो. त्याच मटेरियलचे तुकडे त्याच्याच जोडणीच्या ॲडेसिव्हने खाली चिकटवा आणि इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या धातूच्या नळ्या, त्या तुकड्यांमध्ये बसवा. सिंकही त्याच मटेरियलचं असेल तर त्याच ॲडेसिव्हने ते ओट्याशी एकजीव होतं, मग क्लिपांची गरज उरत नाही. स्टीलचं असेल तर मात्र सिलिकॉनच हवं, कारण सॉलिड सरफेस उष्णतेने दगडापेक्षा जास्त पसरतो आणि सांध्याला तेवढी लवचीकता लागते.

सफाईसाठी दगड आणि स्टील ॲसिटोनने पुसा, सॉलिड सरफेस अल्कोहोलने. पांढरं फडकं घ्या आणि ते पांढरं निघेपर्यंत पुसत राहा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, आणि दगडावर डाग न पाडणारं निवडा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला खातं.

सिंकच्या काठावर ६-८ मिमी जाडीची एकसलग रेघ ओढा, कुठेही तुटू देऊ नका. सिंक वर उचलायला दोघं लागतात. ओट्यावर आडवी लाकडी पट्टी ठेवून, ड्रेनच्या भोकातून आटे असलेली सळई घालून खालून नटाने ते वर ओढून घ्या. क्लिपा समोरासमोरच्या जोडीने, थोड्या थोड्या आवळा. सिलिकॉन सगळीकडून जरासं बाहेर आलं की थांबा. जोर लावून सगळं पिळून काढलंत तर मध्ये थरच उरत नाही. दीड-दोन मिमी राहायलाच हवा. बाहेर आलेलं लगेच पुसून घ्या.

मग फ्रेम. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून आडव्या पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा आणि त्यांच्यावर सिंकच्या काठाखाली येतील अशा पुढे-मागे दोन पट्ट्या टाका. उरलेली फट पाचरीने भरा, पण सिंक वर ढकललं जाईल इतकी ठोकू नका. लाकूड पाण्यात न फुगणारं हवं, किंवा सरळ लोखंडी अँगल रंगवून वापरा. कास्ट आयर्नच्या सिंकला फ्रेम आधी, सिंक नंतर. ते वजन क्लिपांच्या भरवशावर उचलूच नका.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, उघड्या कडेकडून आत सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिमी. दोन पृष्ठभागांमध्ये दाबलेल्या रुंद पट्टीला म्हणूनच वेळ लागतो. कड बोटाला कोरडी लागली म्हणून फसू नका. किमान २४ तास सळई हलवू नका आणि यंत्र किंवा ड्रेन त्याच्याही नंतर, ट्यूबवर पूर्ण सुकण्याचा जो काळ छापलाय तो संपल्यावर जोडा.

शेवटी ड्रेन बंद करून सिंक भरा, तासभर तसंच ठेवा आणि सांध्याखालून टिश्यूपेपर फिरवा. कुठे ओला झाला तर वरून नवं सिलिकॉन फासू नका, सुकलेल्या सिलिकॉनला नवं नीट धरत नाही. तेवढा भाग ब्लेडने मुळापासून काढा, पुसा आणि नव्याने भरा.