एम थ्री राहिलाय? शिकवणी लावण्याआधी आणि लावल्यावर काय करायचं

इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना मी बरीच वर्षं गणित शिकवतोय, त्यातही पुणे विद्यापीठाचे केटीवाले म्हणजे विषय राहिलेलेच जास्त, आणि निकाल लागला की फोन येतात, सर एम थ्री (सेकंड इयरचं गणित) राहिलाय, कुठला क्लास लावू. माझं उत्तर ठरलेलं असतं, क्लासचं नंतर बघू, आधी तुझी गाडी नेमकी कुठे अडते ते शोध. कारण एम थ्री राहिलेल्या बऱ्याच जणांचा एम थ्री कच्चा नसतोच, कच्चं असतं ते बारावीचं इंटिग्रेशन नाहीतर अकरावीची ट्रिग्नॉमेट्री, आणि तो खड्डा तसाच ठेवून वर कितीही महागडा क्रॅश कोर्स केला तरी पेपरात पोरगं त्याच पायरीवर थांबतं.

मग शोधायचं कसं? एक कोरा कागद घ्या, पुस्तक बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि जुन्या पेपरातली एकाच युनिटची दोन-तीन गणितं सोडवायला बसा. येत नाही म्हणून पान उलटायचं नाही, जिथे हात थांबला तिथे पेन्सिलने खूण करायची. आता एलडीईचं म्हणजे लिनियर डिफरन्शियल इक्वेशनचं हेच घ्या, डी स्क्वेअर प्लस फाइव्ह डी प्लस सिक्स ऑफ वाय, उजवीकडे ई रेज टू मायनस टू एक्स. एकजण ऑक्झिलरी इक्वेशनचे फॅक्टर पाडतानाच अडकतो, म्हणजे मायनस टू आणि मायनस थ्री हे रूट्सच त्याला मिळत नाहीत. दुसरा सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन) झकास काढतो पण पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल) काढताना डीच्या जागी मायनस टू टाकतो, खाली शून्य येतं आणि तो गप्प बसतो, कारण फेल्युअर केसमध्ये वर एक्सने गुणायचं आणि खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलंच नाही (इथे टू डी प्लस फाइव्हमध्ये मायनस टू टाकलं की एक येतो, म्हणून पीआय नुसता एक्स इन्टू ई रेज टू मायनस टू एक्स). तिसऱ्याला हे सगळं येतं पण व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्सचं गणित आलं की शेवटचं इंटिग्रेशन सुटत नाही. तिघंही बाहेर येऊन एकच सांगतात, एलडीई जमत नाही! आणि तिघांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी आहे, पहिल्याला दहावीचं बीजगणित पाहिजे, दुसऱ्याला एक तास पुरतो, तिसऱ्याला महिनाभर रोज थोडं इंटिग्रेशन करावं लागणार.

ज्यांची केटी आत्ताच लागलीय त्यांनी अजून एक करा, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. रिव्हॅल म्हणजे फेरतपासणीचा अर्ज टाकायचा की नाही ते नंतर ठरवा, पण फोटोकॉपी शिकवणाऱ्याच्या हातात दिली की तुमचं कुठे बिनसतंय ते त्याला पाच मिनिटांत दिसतं, तोंडी सांगून तेवढं कधीच कळत नाही. अर्जाची मुदत थोडीच असते, निकालाच्या दु:खात ती जाऊ देऊ नका.

आता मदत कुठे मिळते. पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारा, खरंच विचारा. टीजी म्हणजे टीचर गार्डियन किंवा मेंटॉर म्हणून एक सर-मॅडम तुमच्या नावाने नेमलेले असतात, आपण त्यांच्याकडे फक्त अटेंडन्स कमी पडली की जातो. नॅककडे (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) कॉलेजला हेही सांगावं लागतं की मागे पडलेल्या मुलांसाठी तुम्ही काय करता, त्यामुळे रेमेडियल लेक्चर ही कॉलेजने तुमच्यावर केलेली मेहेरबानी वगैरे नाही, ते त्यांचं काम आहे. एकटं जायला लाज वाटत असेल तर सहा-सात केटीवाले मिळून एचओडींना (विभागप्रमुखांना) लेखी अर्ज द्या, त्यात युनिटचं नाव लिहा, आठवड्यातला कुठला तास सगळ्यांना रिकामा आहे ते लिहा. नुसतं रेमेडियल घ्या म्हटलं की कुणी हलत नाही, वार आणि वेळ ठरवून नेली की काम होतं. ऑनलाइनमध्ये आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलची लेक्चरं फुकट आहेत आणि दर्जेदार आहेत, पण ती आपल्या सिलॅबसच्या क्रमाने जात नाहीत, म्हणून अडलेला मुद्दाच शोधून बघायचा, अख्खी सिरीज लावून बसायचं नाही.

डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या डिप्लोमावाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण यांची अडचण फार कमी लोक समजून घेतात. तुम्ही एम वन, एम टू न करता थेट एसईत येता आणि समोर एम थ्री, वर्गात सर म्हणतात हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे, आणि तुम्ही मान खाली घालता. मान खाली घालू नका, प्रॅक्टिकलला आणि ड्रॉइंगला तुम्ही वर्गातल्या अनेकांच्या पुढे असता, गणिताचा मधला तुकडा तेवढा राहिलाय. इंटिग्रेशनच्या पद्धती, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन्स एवढं शिकवणाऱ्याकडून आधी भरून घ्या, सेम सुरू व्हायच्या आधी जमलं तर सोन्याहून पिवळं. मराठी मीडियममधून आलेल्यांनाही तेच, डाऊट मराठीत विचारा, गणित मराठीतच कळू द्या, पेपरात लिहायचं इंग्रजी चार-पाच ठरलेल्या वाक्यांच्या पलीकडे जात नाही.

शिकवणारा निवडताना टॉपरच पाहिजे असं काही नाही. कधीकधी ज्याने स्वतः केटी काढलीय तो सिनियर जास्त चांगलं शिकवतो, कारण पाय कुठे घसरतो ते त्याला माहीत असतं. डेमोला जाताना तुमचं अडलेलं गणित घेऊन जा आणि एकच बघा, पेन कुणाच्या हातात आहे. त्याने वही ओढून घेऊन भराभरा सोडवून दाखवलं आणि तुम्ही वा वा करत घरी आलात, तर तो माणूस हुशार आहे पण तुमच्या कामाचा नाही. ज्याने विचारलं, तू कुठपर्यंत आलास, दाखव, आणि पेन तुमच्याच हातात ठेवून पुढची पायरी तुमच्याकडून काढून घेतली, त्याला धरा. बॅचमध्ये साठ-सत्तर पोरं असतील तर डाऊट कधी आणि कोण घेणार हे पैसे भरायच्या आधी विचारा. सगळ्या वर्षाची फी एकदम भरू नका, युनिटप्रमाणे द्या. आणि जो पास करून देण्याची गॅरंटी देतो किंवा असाइनमेंट लिहून देतो म्हणतो त्याच्याकडे जाऊच नका, परीक्षेच्या हॉलमध्ये तो येणार नाहीये.

शिकवणी लागली की अर्ध्या पोरांना वाटतं झालं काम. तसं नसतं. एक तास मिळाला असेल तर तो असा वापरा, पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं एक गणित न बघता सोडवायचं, मग आज आणलेले डाऊट, आणि शेवटी पुन्हा एक नवं गणित वही बंद करून, शिकवणाऱ्याने त्या वेळात काही बोलायचं नाही. हे मी उगाच सांगत नाही, २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना. सोडवलेली गणितं वाचून सगळं येतंय असं वाटतं, तिथेच घात होतो.

डाऊट आणताना "सर हे युनिट समजलं नाही" असं आणू नका. चौथ्या ओळीवरून पाचवी ओळ कशी आली, असा आणा. सोबत चुकांची एक वेगळी छोटी वही ठेवा, त्यात पूर्ण गणित उतरवायचं नाही, फक्त चूक, म्हणजे साइन बदलायचं राहिलं, लिमिट टाकायला विसरलो, एवढंच. दोन आठवड्यांत तुम्हालाच दिसेल की त्याच त्या तीन-चार चुका फिरून येतायत.

मित्रांबरोबर बसायचं असेल तर तीन-चारजण पुरे. प्रत्येकाने एक टॉपिक बाकीच्यांना फळ्यावर किंवा रूमच्या भिंतीवर कागद चिकटवून समजवायचा, समजवताना जिथे अडखळलात तो तुमचा पुढचा डाऊट. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर सोल्युशनच्या पीडीएफ साठवल्या म्हणजे अभ्यास झाला नाही.

घरी सांगा. केटी लपवण्यात जी ताकद जाते ती अभ्यासातली ताकद असते, आणि मी बघितलंय की आईबाप दोन दिवस चिडतात पण मग साथ देतात. झोप उडाली असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र ते शिकवणीने सुटणारं नाही, कॉलेजच्या काउन्सेलरला भेटा किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. एक विषय राहिलाय, माणूस नापास झालेला नाही.

परीक्षेआधीचे शेवटचे पंधरा दिवस नवीन टॉपिक बंद. २०१९ पॅटर्नला इनसेम म्हणजे सेमच्या मधली परीक्षा ३० मार्कांची पहिल्या दोन युनिटवर आणि एंडसेम म्हणजे शेवटची ७० मार्कांची पुढच्या चारवर, पॅटर्न बदलत असतो म्हणून आपला कुठला ते आधी विद्यापीठाच्या साइटवरच्या सिलॅबसमध्ये बघून घ्या, सिनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. मग जुना एंडसेम पेपर घ्यायचा, अडीच तासांचा गजर लावायचा, कॅल्क्युलेटर परीक्षेला नेणार तोच, आणि सलग बसून सोडवायचा. सोडवून झालेला पेपर शिकवणाऱ्याकडे न्या आणि त्याला सांगा, उत्तर बरोबर की चूक ते नंतर, आधी प्रत्येक पायरीला मार्क द्या. फॉर्म्युला न लिहिता थेट किंमत टाकणं, टेबल न आखणं, अर्धं आलेलं गणित पूर्ण खोडून टाकणं, यातच बरेच मार्क जातात. असे चार-पाच पेपर झाले की कुठला ऑप्शन निवडायचा आणि कुठल्या गणिताला किती वेळ द्यायचा हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं, आणि तेवढं कळलं की पुढच्या सेमला शिकवणी न लावता बसून बघा, अडलं तर तेवढ्या डाऊटपुरते या.