मदर तेरेसांच्या सिस्टर्सबरोबर सेवा करायचीय? मग असं करा
कोलकात्याला गेलात की आधी एजेसी बोस रोडवरच्या मदर हाऊसला जा, मदरची समाधी तिथेच आहे, थोडा वेळ शांत बसा आणि मग सिस्टरनाच विचारा मदत कुठे लागतेय. कालीघाटचं निर्मल हृदय १९५२ मध्ये सुरू झालं, मरणाच्या दारातल्या माणसांसाठी, तिथलं काम म्हणजे कपडे धुणं, भरवणं, नुसतं हात धरून बसणं, बंगाली येत नसलं तरी चालतं खरंच. फोटो नका काढू प्लीज. प्रार्थनेला पण थांबा, सिस्टर्सचा दिवस पहाटे तिथूनच सुरू होतो. कायमचं सिस्टर व्हायचं असेल तर घाई नको, शेवटची व्रतं घ्यायला बरीच वर्षं जातात आणि गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांशिवाय चौथं व्रत असतं, गरिबातल्या गरिबाची मनापासून फुकट सेवा.